हात खाली घ्यायचा नाही

आमच्या पथकात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या रविवारी मी पाण्यात उतरू देत नाही, आणि त्यामुळे त्यांचा हिरमोड होतो हे मला दिसते. बहुतेक जण पोहण्यात पटाईत असतात, काहींनी शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत पदके मिळवलेली असतात, आणि पाण्यातून माणूस कसा वाचवायचा ते शिकण्याच्या ओढीने ते पहाटे पाचला उठून नाशिकच्या आनंदवलीच्या पुढे गोदावरीवर आलेले असतात. तिथे नारिंगी रंग दिलेला पाच लिटरचा एक रिकामा कॅन वरच्या अंगाने पाण्यात सोडला जातो आणि तो दिसेनासा होईपर्यंत, हात खांद्यातून सरळ धरून, त्याच्याकडे बोट दाखवत काठाने चालत राहणे एवढेच काम त्यांच्या वाट्याला येते. हात खाली घ्यायचा नाही, मान वळवायची नाही, कुणी हाक मारली तर तोंडाने उत्तर द्यायचे, पण नजर हलवायची नाही. गेल्या महिन्यात एका मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "ताई, हे प्रशिक्षण आहे की शिक्षा?" त्यांना उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही अकरा जण आहोत. कुणी दुकान चालवतो, कुणी अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करतो, एक जण रिक्षा चालवतात, आणि मी जमीन मोजणीचे काम करते. बचावाचे मुख्य काम अग्निशमन दलाचे आणि नेमलेल्या जीवरक्षकांचे आहे आणि ते तसेच असले पाहिजे. आम्ही पावसाळ्यात बोलावले तर मदतीला जातो आणि उरलेले वर्ष सराव करतो. पगार नाही, गणवेश नाही. पण स्वयंसेवकाच्या हातून झालेली चूक, तो स्वयंसेवक आहे म्हणून लहान होत नाही, हे मला चार वर्षांपूर्वीच्या एका जुलैतल्या संध्याकाळी कळले.

शहराबाहेरच्या एका बंधाऱ्यापासून थोडे खाली, सराव संपवून आम्ही सहा जण दोर गुंडाळत बसलो होतो. पलीकडच्या काठावर दोन तरुण हातपाय धुवायला उतरले, त्यांतला एक शेवाळावरून घसरला आणि पाण्यात गेला. त्याने हाक मारली नाही. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो. प्रत्यक्षात त्याची सगळी शक्ती नाकतोंड पाण्याच्या वर ठेवण्यात जाते आणि तो बहुतेक वेळा आवाज न करताच खाली जातो. आम्ही मात्र सगळे एकदम ओरडलो, आणि सहाच्या सहा जण दोराच्या पिशवीकडे वळलो. पिशवीचा बंद सोडायला आठ-दहा सेकंद लागले असतील. मान वर केली तेव्हा समोर नुसते गढूळ पाणी होते. तो कुठे होता, असे एकाने विचारले आणि आम्ही सहा जणांनी सहा ठिकाणे दाखवली; पहिल्या आणि शेवटच्या बोटात निदान चाळीस मीटरचे अंतर होते. पलीकडे त्याचा मित्र रडत एकाच जागेकडे हात करत होता आणि आम्ही त्याला हातानेच बाजूला बसायला सांगत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तरुण सापडला तो त्या मित्राने दाखवलेल्या जागेपासून हाकेच्याही अंतरावर नव्हे, अगदी जवळ. आम्ही पहिला दीड दिवस खालच्या अंगाला शोधत होतो.

त्याला आम्ही वाचवू शकलो असतो असे मी म्हणत नाही. पाण्याखाली गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा मिनिटामिनिटाने घटते, आणि पाच-दहा मिनिटांनंतर ती फारच थोडी उरते. पण ती पाच मिनिटे आमच्याकडे होती, पोहणारी माणसे होती, दोर होता, आणि नेमके कुठे जायचे तेवढेच कुणाला माहीत नव्हते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही चौघे सुट्टी काढून दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर सहा दिवस शिकायला गेलो. नाशिककरांनी समुद्रावर जाऊन शिकावे याचे लोकांना नवल वाटले. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर आहे, पण आपली गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते आणि बंगालच्या उपसागराला मिळते; त्यामुळे समुद्र इतका जवळ असूनही आपल्या अंगवळणी पडलेला नाही. मला तिथे जायचे होते ते एकाच कारणासाठी. नदीला दोन काठ असतात, म्हणून आपण शोधण्याच्या कामात आळशी राहतो. समुद्रावर काठच नाही, म्हणून तिथल्या माणसांना शोधणे आधी शिकावे लागते.

शिकवायला एक निवृत्त तांडेलकाका, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, होते. पहिल्याच सकाळी होडी किनाऱ्यापासून बरीच आत गेल्यावर त्यांनी काही न सांगता एक शहाळे पाण्यात टाकले आणि "माणूस पडला!" अशी आरोळी ठोकली. आम्ही चौघेही रिंग आणि दोर घ्यायला वाकलो. काकांनी होडी शांतपणे वळवली आणि म्हणाले, "आता दाखवा." हातभर उंचीच्या लाटा होत्या, सूर्य समोर होता. शहाळे लाटेच्या माथ्यावर आले तर क्षणभर दिसणार आणि दोन लाटांच्या मध्ये गेले की नाहीसे होणार. माणसाचे डोके त्याहून फारसे मोठे नसते. दहा मिनिटे फिरूनही आम्हाला ते सापडले नाही. माझ्या डोळ्यांसमोर जुलैतले ते गढूळ पाणी आले. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "ताई, दोराबिराचं नंतर बघा. आधी एकानं हात करायचा. बाकीच्यांनी काय ते करायचं, त्यानं फक्त हात करायचा."

दुपारी त्यांनी तो हात कसा करायचा ते शिकवले, आणि एवढ्या साध्या गोष्टीत शिकण्यासारखे किती असते ते तेव्हा कळले. हात करणारा बसत नाही, उभा राहतो किंवा कुणीतरी त्याला कमरेला धरून ठेवते. होडी वळली की त्याचे शरीर वळते, पण हात पाण्यातल्या माणसावरून हलत नाही, त्यामुळे सुकाणू धरणाऱ्याला पाण्याकडे बघावे लागत नाही. तो हाताकडे बघून होडी नेतो. तोंडाने तो सतत अंतर सांगत राहतो. माणूस लाटेआड किंवा खडकाआड गेला तर हात तिथेच थांबत नाही, तो पाण्याच्या वेगाने सरकत राहतो आणि माणूस जिथून बाहेर यायला हवा तिथे पोहोचतो. आणि दमल्यावर? माझा हात बाविसाव्या मिनिटाला थरथरायला लागला. तेव्हा दुसरी मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली, तिने आपला हात माझ्या हाताला चिकटवून सरळ केला, माझ्या बोटाच्या टोकावरून बघितले, "दिसलं" म्हणाली, आणि त्यानंतरच मी हात खाली घेतला. त्या अदलाबदलीचा सराव आम्ही पुढचे चार दिवस करत होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एकाच जागी शहाळे आणि हवा भरलेली टायरची ट्यूब अशा दोन वस्तू टाकल्या. शहाळे बहुतेक पाण्यात बुडालेले असते, म्हणून ते पाण्याच्या ओढीबरोबर जाते. ट्यूब पाण्यावर असते, तिला वारा नेतो. अर्ध्या तासात दोघांच्या मध्ये क्रिकेटच्या मैदानाएवढे अंतर पडले. गळ्यापर्यंत बुडालेला माणूस शहाळ्याच्या वाटेने जाईल आणि उलटलेली रिकामी होडी ट्यूबच्या वाटेने, त्यामुळे होडी सापडली तिथेच माणूस शोधणे हा चुकीचा हिशेब ठरू शकतो. माणूस दिसेनासा झाल्याबरोबर त्याच जागी तरंगणारी खूण टाकायची, आणि ती कुठे जाते ते पाहून शोधाची दिशा ठरवायची, हे आम्ही तिथून उचलले. आता आमच्याही सामानात दोन शहाळी असतात. शोध संपल्यावर ती फोडून पिण्याची वेळ सरावाच्या दिवशीच येते.

भरतीचा हिशेब त्या लोकांच्या जिभेवर असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान. किनाऱ्यावरचे पाणी परत आत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि माणसाला आत खेचते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून पाहुण्यांना तीच जागा सर्वांत शांत आणि सुरक्षित वाटते. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचे नसते, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचे असते. नाशिकहून दरवर्षी किती कुटुंबे कोकणात सहलीला जातात ते पाहता, एवढी एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांनी मुलांना गाडीत बसतानाच सांगावी असे मला मनापासून वाटते.

खुल्या समुद्रावरच्या शोधाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्यांच्याकडे आहे, पश्चिम किनाऱ्याचे समन्वय केंद्र मुंबईत आहे, आणि समुद्रावरच्या संकटासाठी १५५४ हा क्रमांक आहे. गावातल्या स्वयंसेवकाने पहिले काम करायचे ते तिथे कळवण्याचे, आणि कळवताना वेळ, जागा, माणसांची संख्या आणि अंगावरच्या कपड्यांचा रंग सांगण्याचे. शोधताना होडी वाटेल तशी फिरवत नाहीत. माणूस शेवटचा दिसला तिथून सुरुवात करून एक माप सरळ जायचे, काटकोनात वळून पुन्हा एक माप, मग दोन, दोन, तीन, तीन, असा चौकोन बाहेर वाढवत न्यायचा. मी मोजणीवाली असल्याने तो नकाशा बघताना मला फार आनंद झाला. पण चौकोनाची पहिली ठिपकी चुकली तर सगळा चौकोनच चुकीच्या जागी पडतो, हेही लगेच ध्यानात आले.

ती ठिपकी शोधायची रीत माझ्या धंद्यात आधीपासूनच होती आणि मला ती नदीवर सुचली नव्हती, याची खंत आहे. पोहोचता न येणारी खूण नकाशावर घ्यायची असेल तर आम्ही दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून तिच्यावर रेषा टाकतो, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे ती खूण असते. कोकणातले मच्छीमार मासे मिळण्याची जागा अशीच ध्यानात ठेवतात. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत, आणि दुसऱ्या बाजूला खडक आणि माड एका रेषेत. आता आम्ही घटनास्थळी पोहोचल्यावर एक जण फक्त साक्षीदारांकडे जातो. प्रत्येकाला वेगळे घेतो, म्हणजे एकाचे ऐकून दुसरा बोलणार नाही. "कुठे बुडाला?" असे तो विचारत नाही, कारण त्याचे उत्तर "तिथे मध्ये" असेच येते. तो म्हणतो, "तुम्ही तेव्हा जिथे उभे होतात तिथेच उभे राहा, आणि हात करा." मग त्या हाताच्या रेषेत पलीकडच्या काठावर काय आहे ते लिहून घेतो: विजेचा खांब, बाभळ, पायरीची कड. पायाखाली दगड ठेवतो, झेंडी लावतो. दुसऱ्या काठावरच्या साक्षीदाराची रेषा मिळाली की जागा दहा-पंधरा मीटरच्या आत येते. संथ डोहात बुडालेला माणूस सहसा जिथे गेला त्याच्या जवळपासच तळाशी असतो. रडणाऱ्या मित्राला बाजूला बसवायचे नसते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उभे करायचे असते.

हात आणि ठिपकी झाली की दोर येतो. आमच्या पिशवीत वीस मीटरचा तरंगणारा दोर असतो. फेकण्याआधी "दोर!" अशी हाक मारायची, म्हणजे पाण्यातला माणूस मान वळवतो, आणि पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी टाकायची, म्हणजे दोर त्याच्या हातात पडतो. दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही आणि स्वतःच्या अंगाला गाठ मारून बांधायचा नाही. माणसाने धरला की खाली बसायचे, टाचा रोवायच्या आणि खेचण्याऐवजी नुसते धरून ठेवायचे. प्रवाहच त्याला झोक्यासारखा काठाला आणतो. पहिली फेक चुकली तर ओला दोर पिशवीत भरायला वेळ नसतो, तो हातावर वेटोळी घेऊन लगेच पुन्हा टाकावा लागतो, म्हणून आम्ही कोरड्या दोराने सराव करतच नाही. जवळ दोर नसेल तर साडी आहे. नऊवारी आठ मीटरहून लांब असते, आणि गोदाकाठी ती नेहमीच कुणाच्या तरी पिशवीत असते.

बंधाऱ्याबद्दल मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण तिथे पोहता येणारेच जास्त फसतात. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली जाऊन पुन्हा वर येते आणि त्यातला काही भाग उलटा बंधाऱ्याकडेच वळतो. वरून पाहिले तर गुळगुळीत पडदा आणि खाली फेस दिसतो. त्यात गेलेली वस्तू बाहेर पडत नाही, गोल फिरत राहते. आम्ही एकदा तो नारिंगी कॅन मुद्दाम सोडला होता. वीस मिनिटे तो पडद्याशी जायचा, बुडायचा, चार हात खाली वर यायचा आणि परत पडद्याशी जायचा. कॅनच्या जागी माणूस, आणि त्याच्या मागे उडी मारलेला दुसरा माणूस, अशी कल्पना करून बघावी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना तर फळ्या बसवायचे गाळे असतात आणि पूर असताना त्यात ओंडके अडकलेले असतात. आमच्याकडे नियम आहे की पाणी वाहत असलेल्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी कुणीही उतरणार नाही, मग पाण्यात कोणीही असो. हा नियम पाळणे फार जड जाते. नव्या मुलांना मी आधीच सांगते की तो पाळता येणार नसेल तर पथकात येऊ नका.

पोहण्याची चाचणी आम्ही घेतो, पण ती शेवटी घेतो: चारशे मीटर, मग अंगावर कपडे आणि बूट असताना शंभर मीटर, आणि दहा मिनिटे जागच्या जागी तरंगणे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकला की पाणी माणसाला पुढे लोटून पालथे पाडते. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. होडी चालवणे आमच्यातल्या दोघांनाच येते आणि माणसाजवळ पोहोचताना पंखा बंद करणे ही त्यातली पहिली शिकवण आहे.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्याची किंवा त्याला उलटे धरण्याची आपल्याकडची सवय जायला हवी. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास नसेल तर त्याला सपाट जागी उताणे ठेवून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि २ श्वास, असे रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवायचे. पथकातल्या प्रत्येकाने दर महिन्याला सरावाच्या पुतळ्यावर हे केलेच पाहिजे.

२ ऑगस्ट २०१६ हा दिवस नाशिककर विसरणार नाहीत. त्या दिवशी गोदेला मोठा पूर होता, पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वेढून सराफ बाजारात शिरले होते. त्याच रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस पाण्यात गेल्या. काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यांवर सापडले, आणि बसचे सांगाडे मात्र आठवड्याहून अधिक शोधानंतर पुलापासून काही शे मीटरवर मिळाले. नदीत काय वाहून जाते आणि काय तळाशी बसते याचा याहून कठोर धडा मला ठाऊक नाही. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आला आहे. मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे गंगापूर धरणातून विसर्ग होण्याच्याच दिवसांत आहेत, आणि गर्दीत बुडणाऱ्या एका डोक्याकडे पाहणारे हजारो असले तरी त्यावर हात धरून उभा राहणारा एकच लागतो. घाटावरच्या फुलवाल्या, नावाडी आणि प्रसादाची दुकाने चालवणारे यांना हा अर्ध्या तासाचा सराव देता येईल असे मला वाटते, आणि आम्ही रामकुंडापासून तपोवनापर्यंत तसे विचारत फिरत आहोत. आतापर्यंत सतरा जणी आणि जण तयार झाले आहेत. त्यांतल्या एक आजी फुले विकतात. त्यांचा हात पंधरा मिनिटे हलला नाही.

ज्या वडिलांनी प्रश्न विचारला त्यांचा मुलगा गेल्या रविवारी तिसऱ्यांदा आला. कॅन खडकाआड गेला तेव्हा त्याचा हात थांबला नाही, मनातल्या मनात मोजत तो सरकत राहिला आणि कॅन खडकाच्या डाव्या अंगाने बाहेर आला तेव्हा बोट त्याच्यावरच होते. पुढच्या रविवारी तो पहिल्यांदा दोर फेकणार आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी सहाला यावे, पायात चपला नकोत, नाडीचे बूट हवेत. शिटी आम्ही देतो.